‘इस्कटून सांग की!’

ताई,
मी २७ वर्षांची. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत चार वर्षं क्वालिटीला आहे. आमच्या शॉपमध्ये बोलणं म्हणजे एकतर कुस्ती नाहीतर क्रिकेट. मी माल रिजेक्ट केला की ‘मॅडमनी विकेट काढली’, कस्टमरचं ऑडिट असलं की ‘आज जोड लागली’. त्याचं मला काही नाही, मीही तसंच बोलतो. पण दोन महिन्यांपूर्वी एका लॉटमधल्या ६० नगांत ब्लो होल, म्हणजे ओतकामात राहिलेली भोकं, सापडले म्हणून मी सगळा लॉट अडवला, तेव्हापासून मला ‘पैलवान’ नाव पडलंय. बाप्यांना पैलवान म्हटलं की ते छाती फुगवतात. मला म्हणतात तेव्हा माझ्या दंडाकडं बघून हसतात. त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, ‘ही पोरगी नाही, गडी आहे गडी!’ खूश व्हावं का रागवावं, मला कळेना.
गेल्या महिन्यात साखरपुडा झाला. पेढे वाटले तर कँटीनमध्ये एकजण म्हणाला, ‘गोलकीपर हाय म्हणून गोल होत न्हाय व्हय?’ सगळे हसले. मीपण हसलो आणि घरी येऊन रडलो. आई म्हणते, पोरं गमतीनं बोलतात. होणारा नवरा म्हणतो, नोकरी बदल. मी काय हातात बांगड्या भरून गप्प बसणारी नाही. पण एकेका शब्दासाठी भांडत बसले तर काम कधी करू? मी जास्तच मनाला लावून घेतोय का?
आणि एक. पुण्याच्या ऑफिसातल्या एचआर मॅडम म्हणाल्या, ‘आलो-गेलो’ म्हणू नकोस, ‘आले-गेले’ म्हण. तेही सांगा.
– ‘पैलवान’, कोल्हापूर

पैलवान,
साखरपुड्याचं अभिनंदन. तू तिन्ही शब्द एकाच पिशवीत घालून पाठवलेस, पण ते एका पिशवीतले नाहीत. म्हणून एकेक बाहेर काढू, आणि कँटीनमधला आधी, कारण तोच नासका आहे.

त्या वाक्यात माणसं किती ते मोज. गोल मारणारा एक, तो बोलणारा स्वतः किंवा त्याच्यासारखा कुणी. गोल अडवणारा एक, तो तुझा होणारा नवरा. आणि तू? तू खेळाडू नाहीस, पंच नाहीस, प्रेक्षकसुद्धा नाहीस. तू दोन खांब आणि एक जाळी. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचला पाऊल ठेवायला जागा नसते, आपल्या गावाला फुटबॉलचं वेड काय आहे हे तुला मी सांगायला नको. पण एवढ्या गर्दीत गोलपोस्टला कधी कुणी विचारत नाही, की बाई, तुझं काय मत. तू रडलीस ती ह्याच्यामुळं. मनाला जास्त लावून घेतलंस म्हणून नाही, वाक्य तुला बरोबर कळलं म्हणून.

आता त्याच्याशेजारी ‘मॅडमनी विकेट काढली’ ठेवून बघ. तिथं चेंडू तुझ्या हातात आहे. म्हणून ते तुला टोचत नाही. खेळातला शब्द आपल्यावर आला की मी एवढंच बघते, ह्या खेळात मला उभं कुठं केलंय. मैदानात का मैदान म्हणून?

कधीकधी मात्र हे मापही फसवं निघतं. ‘तिला बघितलं आणि भाऊ क्लीन बोल्ड!’ घे. वरवर बघितलं तर पोरगी गोलंदाज आहे, मान तिचाच. प्रत्यक्षात ती बिचारी रंकाळा स्टँडवर बसची वाट बघत असते. तिनं चेंडूला हात लावलेला नसतो, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर हा गडी आपला आपणच त्रिफळा उडवून घेऊन बसलेला असतो. पुढं तो तिच्या मागं फिरायला लागला आणि कुणी जाब विचारला, की ‘सुरुवात तिनं केली’ हेही तयार. तशीच लग्नाची ‘विकेट’. पोराचं ठरलं की मित्र म्हणतात, ‘पडली, आणखी एक विकेट पडली!’ पोरीचं ठरलं तर तिची विकेट पडली असं मी अजून ऐकलेलं नाही. तिचे हात पिवळे होतात, ती उजवते. म्हणजे लग्न झालं की तो खेळातून बाद, आणि ती मुळात खेळत होती हेच कुणाच्या गावी नाही. असो. क्रिकेटवाले बोलायला लागले की थांबत नाहीत, मीही थांबते.

‘पैलवान’चं दुखणं वेगळं आहे. हा शब्द वाईट नाही. ह्या गावात तरी नाही. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधून १९१२ ला खुलं केलं, आणि त्याच्या आधीपासून इथं तालमी आहेत. ‘डावपेच’, ‘चितपट’, ‘आसमान दाखवणे’, ‘दंड थोपटणे’, ‘पाठीला माती लागू न देणे’ हे सगळं त्याच लाल मातीतनं उठून आपल्या बोलण्यात आलंय. निवडणूक आली की उमेदवार शड्डू ठोकतात, दोन पुढारी आतून एक असले की आपण ‘नुरा कुस्ती’ म्हणतो. रस्त्यात अनोळखी माणसाला गाडी बाजूला घ्यायला सांगायची तरी ‘पैलवान, जरा सरका’ म्हणतात, समोरचा वाळकी काडी असला तरी. पुरुषाला हा शब्द फुकटात मिळतो. बाईला मात्र तो अंग मोजून दिला जातो.

माझा मामा तालमीत जायचा. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याकडं असायची. पहाटे उठलं की पाट्याचा आवाज. मामी भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप वाटत बसलेली असायची, मामाच्या थंडाईसाठी. वरवंटा दोन्ही हातांनी पुढं लोटायचा आणि परत ओढायचा. तिच्या मनगटापासून खांद्यापर्यंत सगळं हलायचं. वाटण मऊ झालं की नाही हे ती बोटावर घेऊन बघायची आणि नसलं की परत पाणी शिंपडून घस्सघस्स सुरू. मामा तालमीतून आला की घरातले, शेजारचे त्याचा दंड दाबून बघायचे. मामीचा दंडही कमी नव्हता गं, पाटा उचलून ती एकटी परसात नेऊन उभा करायची. तिला कुणी पैलवान म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती दोन दिवस जेवली नसती, कारण बाईच्या बाबतीत त्याचा अर्थ ‘सुटलीय’ असा व्हायचा. मी तिसरी भाकरी मागितली की आजी म्हणायची, ‘पैलवान व्हायचंय काय?’ माझ्या भावाला भाकरी वाढताना हेच वाक्य, पण शेवटी प्रश्नचिन्ह नाही.

तुझ्याकडं बघून हसणाऱ्यांना हमीदा बानू ठाऊक नसणार. उत्तर भारतातली कुस्तीगीर. १९५४ मध्ये तिनं जाहीर आव्हान दिलं होतं, जो मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्याला बाबा पैलवानाला तिनं १ मिनिट ३४ सेकंदांत पाडलं. आता आपल्या गावाबद्दल ऐक, आणि हे मला अभिमानानं सांगता येत नाही. ती कोल्हापुरात लढली, एका पुरुष मल्लाला हरवलं, तर लोकांनी हुर्यो केली, दगड मारले, पोलिस बोलवावे लागले. कुस्तीवर जीव टाकणारं गाव. आणि बाई जिंकली, तर दगड.

ऑलिम्पिकमध्ये बायकांची कुस्ती २००४ ला अथेन्समध्ये आली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ ला, आपल्या शेजारी सांगलीत झाली, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती मारली. म्हणजे बाईच्या बाबतीत ‘पैलवान’ शब्दाला गदा मिळून अजून फार दिवस झालेले नाहीत. तुझ्या शॉपमधल्या लोकांच्या कानात तो आजीच्या भाकरीवरचाच आहे. ह्यावर भांडू नकोस. उलट शब्द अंगावर घे आणि वाकडं हसणं त्यांच्याकडंच राहू दे. कुणी ‘काय पैलवान’ म्हटलं की सरळ ‘बोला वस्ताद, कुठला लॉट आणलाय?’ म्हण, आणि गेज हातात घे. शब्द कामाला जुंपला की त्याला अंगाकडं बघायला सवड राहत नाही. पण कुणी शब्दावर न थांबता खरंच तुझ्या शरीराबद्दल बोललं, तर ते ह्या खात्यात नाही, गोलकीपरच्या खात्यात टाक. त्याच्याकडं शेवटी येते.

आता साहेब. मला ह्या शब्दावर थोडं रेंगाळू दे, कारण ‘गडी’ हा मराठीतला माझा लाडका शब्द आहे आणि लबाडही. गडी म्हणजे पुरुष, गडी म्हणजे नोकर, आणि गडी म्हणजे खेळाडू. खेड्यात अजून ‘गडीमाणूस’ आणि ‘बाईमाणूस’ असे दोन कप्पे आहेत, आणि रानात कामाला गेलं की गड्याची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, वेगळी, बाईची वेगळी, बाईची कमी. भांगलण करून कंबर बाईची मोडते ते सोड. पण पटांगणात हाच शब्द कसा वागतो बघ. शाळेत आम्ही पोरी खो-खो खेळायचो तेव्हा ‘आमच्यात एक गडी कमी हाय’ असंच ओरडायचो. लंगडीत, कबड्डीत, सगळीकडं गडीच. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या पोरींनी ऑस्ट्रेलियाचं ३३९ धावांचं लक्ष्य गाठलं, जेमिमा नाबाद १२७, तेव्हा मराठीत तो विजय सांगायचा कसा? पाच गडी राखून. बायका राखून नाही, पोरी राखून नाही. ते ऐकून कुणाला खटकलंही नाही.

मराठीनं हे पुष्कळ ठिकाणी केलंय, आपल्याला त्याची जाणीव नसते. इंग्रजांना ‘बॅट्समन’चं ‘बॅटर’ करायला नियमांच्या पुस्तकात २०२१ ला बदल करावा लागला. आपला ‘फलंदाज’ तोही होता आणि तीही. धाव न निघालेल्या षटकाला ते ‘मेडन’ म्हणतात, म्हणजे कुमारिका. आपण म्हणतो निर्धाव. सरळ, स्वच्छ, कुणाच्या पोरीबाळीला मध्ये न आणता. (बुद्धिबळात मात्र उलटं झालंय. पटावरचा वजीर युरोपात गेला आणि त्याची राणी झाली, ती पटावरची सगळ्यात ताकदवान. आपल्याकडं तिला अजून वजीरच म्हणतात.) आपल्या गावच्या तेजस्विनी सावंतनं २०१० ला जागतिक विजेतेपद मिळवलं, राही सरनोबतनं २०१८ ला एशियाडचं सुवर्ण. दोघी नेमबाज. त्यातला ‘बाज’ही बाईला बिनतक्रार बसतो.

तेव्हा साहेबांनी तुला ‘गडी’ म्हटलं ह्यात खोट नाही. खोट ‘पोरगी नाही’मध्ये आहे. त्यांनी तुला बढती दिली, पण ती पोरीपासून गड्यापर्यंत दिली, ज्युनिअरपासून सीनिअरपर्यंत नाही. माणूस वाईट नसावा. त्याच्याजवळ कौतुकाचं एवढंच नाणं असावं, ते त्यानं दिलं. तू ते घे आणि खरं का खोटं वाजवून बघ. तुझ्याच बरोबर लागलेला, तेवढ्याच अनुभवाचा कुणी पोरगा क्वालिटीला असेल, त्याचा पगार काय आहे ते शोध. इन्क्रिमेंटच्या वेळी हसतच म्हण, ‘साहेब, सगळ्यांसमोर गडी म्हणालात, आता हजेरीपण गड्याची लावा.’ साहेब त्यावर काय करतात त्यावरून त्यांच्या ‘गडी’चा अर्थ तुला कळेल.

आता तुझं. रागावू नकोस. पत्रात तू लिहिलंस, ‘मी काय हातात बांगड्या भरून गप्प बसणारी नाही.’ तुझ्या हातात बांगड्या असतील का नसतील, माझ्या आहेत. त्याच हातांनी मी हे लिहितेय. मामीच्या हातात डझनभर होत्या, वरवंट्याबरोबर वाजायच्या. ‘पैलवान’ म्हटलं की ताकद, ‘बांगड्या’ म्हटलं की नामर्दपणा, हे ज्या डोक्यातनं निघालं त्याच डोक्यातनं कँटीनमधला गोलकीपर निघाला. मी तुला पापी ठरवत नाही. मीही माझ्या लेकाला क्रिकेट खेळताना ‘पोरीसारखा थ्रो नको मारू’ म्हटलंय, आणि सांगलीची स्मृती मानधना टीव्हीवर कव्हर ड्राइव्ह मारत असताना म्हटलंय. लेकानं नुसतं टीव्हीकडं बोट दाखवलं. त्या दिवसापासून ते वाक्य बंद.

आमच्याच खेळांची तर कथाच न्यारी. पुरुष माती अंगाला लावून आले की त्यांच्या खेळातून पराक्रमाचे शब्द निघतात. बायकांच्या खेळातून काय निघालं? ‘भातुकली’ म्हणजे पोरखेळ. ‘पिंगा घालणे’ म्हणजे उगाच कुणाच्यातरी मागं घुटमळणे. पंचमीला झिम्मा-फुगडी घालून बघ म्हणावं एकदा, तासाभरात पैलवानाला धाप लागेल. पण झिम्म्यावरून कुणी निवडणुकीची बातमी लिहीत नाही.

बरं, आता करायचं काय.

तो माणूस परत तसलं काही बोलला की हसू नकोस. ओरडूही नकोस. डबा बाजूला ठेव, त्याच्याकडं बघ आणि शांतपणे म्हण, ‘म्हंजे? जरा इस्कटून सांग की. गोल कोण, कीपर कोण?’ आणि थांब. दुसरं वाक्य बोलायचं नाही. असले विनोद अंधारात जगतात, अर्थ सांगायची वेळ आली की बोलणाऱ्याच्याच घशात अडकतात. एकतर तो ‘गंमत केली मॅडम’ म्हणून ताटात बघायला लागेल, किंवा खरंच अर्थ सांगेल, आणि तो सगळ्यांसमोर सांगितलेला असेल. दोन्हीत त्याचीच पाठ मातीला.

हे करायचं धाडस त्या दिवशी झालं नाही तरी चालेल. काही लोकांपुढं सुचत नाही, मलाही नेहमी रात्री अंथरुणावर पडल्यावर उत्तरं सुचतात. पण एक काम आज कर. एका वहीत तारीख, वेळ, कोण काय बोललं आणि टेबलावर कोण कोण होतं ते लिहून ठेव. कामाच्या ठिकाणी अशी लैंगिक अंगानं केलेली शेरेबाजी २०१३ च्या कायद्यात छळ म्हणून धरली आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कंपनीत अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. तुझा साखरपुडा गेल्या महिन्यातला, म्हणजे अजून वेळ आहे. समितीत कोण आहे त्याची नावं विचारून ठेव. तुझ्या त्या पुण्याच्या एचआर मॅडमना ‘आलो’ का ‘आले’ एवढं ऐकू येतं ना, मग हेही ऐकू येऊ दे. तक्रार करायची का नाही ते तू ठरव. एका वाक्यावर करशील का दुसऱ्याची वाट बघशील, तोही निर्णय तुझाच. पण वही असू दे.

आईबद्दल मी काही म्हणत नाही. तिनं असली वाक्यं आयुष्यभर ऐकून घेतली आणि त्याला ‘गंमत’ नाव दिलं, नाहीतर तिला घराबाहेर पडता आलं नसतं.

होणाऱ्या नवऱ्याशी मात्र बस. ‘नोकरी बदल’ हे तो काळजीनं म्हणाला असेल. पण विचार कर, त्या फालतू वाक्यानं त्याला गोलकीपर केलं आणि त्यानंही नकळत हातमोजे चढवले. ६० नग अडवायची तुझी नजर चार वर्षांत तयार झालीय, ती कुणाच्या तोंडाळपणापायी सोडायची? त्याला हे वाक्य आहे तसं सांग आणि विचार, तुझ्या ग्रुपमध्ये कुणी असं बोललं तर तू काय करतोस? उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते बघ.

राहिलं ‘आलो-गेलो’. अगं, कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. मी शिकायला पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी हॉस्टेलवर ‘मी जेवून आलो’ म्हणाले आणि खोलीतल्या तिघी पोट धरून हसल्या. आठ दिवस मी तोंडच उघडलं नाही. नवव्या दिवशी त्यातलीच एक म्हणाली, ‘आम्ही जेवायला चाललो, येतेस?’ मी म्हटलं, ‘आता तूपण चाललोच म्हणालीस की.’ ‘अगं, ते आम्ही आहे, अनेकवचन!’ मग मीही ठोकून दिलं, ‘आमच्याकडं एकटी बाईपण अनेकवचनात असते.’ व्याकरण साफ चुकीचं होतं, पण त्यानंतर कुणी हसलं नाही. लिहिताना मी ‘गेले’ लिहिते, संपादकांच्या धाकानं. तूही रिपोर्टमध्ये हवं ते लिही. पण तुझ्या पत्रात एक गंमत दिसली. हसलीस तेव्हा ‘हसलो’, रडलीस तेव्हा ‘रडलो’, आणि भांडायची वेळ आली तिथं नेमकं ‘बसले’. एचआर मॅडमचा आवाज तिथंच आडवा आला काय गं?

कँटीनमध्ये काय झालं ते कळव, आणि पगाराचंही. चल, येतो मी, भाकरी व्हायच्यात अजून.